सीडी१६ए रिसेप्टर मागवायचाय: हिस टॅग घ्यावा की एफसी टॅग?

विश्वामित्रीकाठ

नमस्कार मंडळी. बडोद्याला फतेहगंजमध्ये पीएचडी करतेय. इथे बायोटेकवाले बरेच आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून थेट विचारते.

आम्ही सीएचओ पेशींमध्ये (हॅमस्टरच्या अंडाशयाच्या पेशी) एक आयजीजी-१ अँटीबॉडी बनवतो. कल्चरचं खाद्य जरा बदललं की अँटीबॉडीवर चिकटलेली शर्करा बदलते, आणि शर्करा बदलली की एनके पेशींवरचा (रोगट पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) रिसेप्टर अँटीबॉडीला किती घट्ट धरतो तेही बदलायला हवं. ते मोजायला मानवी सीडी१६ए, म्हणजे एफसी-गॅमा रिसेप्टर थ्री-ए, हे रिकाँबिनंट प्रथिन लागणार. सर म्हणाले, कोटेशन काढ. काढली. तर एकाच नावाच्या चार व्हायल समोर आल्या (टॅग म्हणजे प्रथिनाच्या टोकाला जोडलेली शेपटी):

पहिली एचईके२९३ या मानवी पेशींत बनवलेली, हिस टॅग, व्ही१५८.
दुसरी त्याच पेशींतली, मानवी एफसी टॅग, एफ१५८. ही बऱ्यापैकी स्वस्त.
तिसरी ई. कोलाय जिवाणूतली, हिस टॅग. सगळ्यात स्वस्त.
चौथी एचईकेचीच, हिस आणि अ‍ॅव्ही टॅग, आधीच बायोटिन लावलेली, व्ही१५८. सगळ्यात महाग.

पैसे एकाच व्हायलचे आहेत आणि मार्च एन्डिंगच्या आत खर्ची पडले पाहिजेत. आमच्याकडे प्लेट रीडर आहे, बंध थेट मोजणारं एसपीआर मशीन नाही. सरांचा कल दुसरीकडे आहे, स्वस्तही आणि एचईकेचीही. तुम्ही काय घ्याल?

निवांत

मी आयटीवाला, त्यामुळे विज्ञानातलं काही बोलत नाही. पण या व्हायलमध्ये माल असतो किती?

विश्वामित्रीकाठ

पन्नास मायक्रोग्रॅम. किंमत पाच आकडी.

निवांत

समजा तीस हजार धरले, तर ग्रॅमला साठ कोटी. पुन्हा आकडेमोड केली, साठच येतात. आमच्याकडे लोक सोन्याचा भाव बघून उसासे टाकतात! ताई, हे नेमकं आहे काय ते आमच्यासारख्यांना कळेल असं कुणीतरी सांगा.

गोगलगाय

मी बायोसिमिलर (जैविक औषधांच्या जवळजवळ तशाच आवृत्त्या) बनवणाऱ्या कंपनीत अ‍ॅनालिटिकलला आहे, सीडी१६ए रोजच्या कामातलं. दोघांनाही उत्तर देतो, आधी निवांत.

अँटीबॉडी ही इंग्रजी वाय अक्षरासारखी असते. वरचे दोन हात शत्रूला धरतात, उदाहरणार्थ कर्करोगाच्या पेशीवरचं एखादं प्रथिन. खालचा दांडा म्हणजे एफसी. रक्तातल्या एनके पेशींच्या अंगावर सीडी१६ए हा रिसेप्टर असतो, तो हा दांडा पकडतो. एका पेशीवर बऱ्याच अँटीबॉडी चिकटल्या आणि त्यांचे दांडे एनके पेशीच्या बऱ्याच रिसेप्टरांनी एकदम धरले, की एनके पेशी परफोरिन आणि ग्रॅन्झाइम सोडते आणि समोरची पेशी मरते. याला आम्ही एडीसीसी म्हणतो. रिटुक्सिमॅब, ट्रॅस्टुझुमॅब ही कर्करोगावरची अँटीबॉडी औषधं जी कामं करतात त्यातलं हे एक.

पूर्ण रिसेप्टर २५४ अमिनो आम्लांचा. त्यातला पेशीच्या पडद्यात रुतलेला आणि आत गेलेला भाग कापून टाकतात. फक्त बाहेरचा भाग, त्यात इम्युनोग्लोब्युलिनच्या घडीचे दोन तुकडे, एवढाच बनवतात म्हणजे तो पाण्यात विरघळतो. ताईंच्या व्हायलमध्ये तेवढंच आहे.

आता ताई. दुसरी व्हायल घेऊ नका. सरांना सांगा, एचईके बरोबर आहे, पण टॅग चुकीचा आहे. सीडी१६ए चं कामच मानवी एफसी धरणं. त्याच्याच शेपटीला मानवी एफसी बांधलं तर काय होईल? रिसेप्टर शेजारच्या रिसेप्टरची शेपटी धरून बसणार. शिवाय एफसीमुळे दोन-दोन रेणू जोडीनेच येतात, म्हणजे बंध खोटा घट्ट दिसणार. आणि एलायझात (प्लेटवर रंगाने बंध मोजायची चाचणी) मानवी एफसी ओळखणारी दुय्यम अँटीबॉडी घातलीत की ती आधी टॅगलाच चिकटेल. अँटीबॉडी न घातलेल्या वेलमध्येसुद्धा रंग येईल.

पीडी-१, सीटीएलए-४ असले रिसेप्टर एफसी टॅग लावून सर्रास विकतात आणि तिथे काही बिघडत नाही, कारण त्यांना एफसीशी देणंघेणं नाही. एफसी रिसेप्टरचं तसं नाही. यादीत तो पर्याय का असतो हा प्रश्न मलाही पडतो.

विश्वामित्रीकाठ

अरे देवा. हे सरांना उद्याच सांगते. दादा, मग व्ही आणि एफची भानगड? आणि काही पेपरांत १५८ च्या जागी १७६ लिहिलंय, ते वेगळं आहे का?

गोगलगाय

एकच. पेशीतून बाहेर पडताना कापला जाणारा सिग्नल पेप्टाइड धरून मोजलं तर १७६, न धरता मोजलं तर १५८. जनुक एफसीजीआर३ए, त्यात एका अक्षराचा फरक, टी च्या जागी जी. त्यामुळे त्या जागी कुणाकडे फेनिलअ‍ॅलनिन असतं, कुणाकडे व्हॅलिन, कुणाकडे आईकडून एक आणि बापाकडून दुसरं. व्हॅलिनवाला आयजीजी-१ ला जास्त घट्ट धरतो. पण "घट्ट" म्हणजे फार नाही हं. दोन्ही मायक्रोमोलरच्या आसपासचेच, कमी ताकदीचे. हे लक्षात ठेवा, एलायझाच्या वेळी हेच नडणार आहे.

कोणता घ्यायचा? नमुन्या-नमुन्यातला फरक बघायचा असेल तर व्ही१५८ ने सुरुवात करा, सिग्नल चांगला मिळतो. जमलं तर पुढच्या बजेटमध्ये एफ१५८ घ्या. आम्ही दोन्हींवर मोजतो.

मकरपुरा_शिफ्ट

वाचतोय. एक घरगुती प्रश्न. माझ्या मावशीला लिंफोमासाठी रिटुक्सिमॅब दिलं होतं, देशी बनावटीचं. या व्ही-एफ फरकामुळे औषध कुणाला लागू पडतं आणि कुणाला नाही असं असतं का? तपासणी करून घ्यावी का?

गोगलगाय

प्रश्न रास्त आहे. २००२ साली फ्रान्समधल्या ४९ रुग्णांचा अभ्यास आला होता. फॉलिक्युलर लिंफोमा, आणि औषध एकटं रिटुक्सिमॅब. ज्यांच्याकडे दोन्ही प्रती व्हॅलिनच्या होत्या त्यांच्यात दोन महिन्यांनी सगळ्यांना गुण आला, बाकीच्यांत ६७ टक्क्यांना. सगळं जग या रिसेप्टरकडे वळून बघू लागलं ते तेव्हा. पण पुढे हे औषध केमोथेरपीबरोबर द्यायला लागल्यावर फरक तितका ठळक राहिला नाही, काही अभ्यासांत दिसला, काहींत नाही. त्यामुळे ही तपासणी नेहमीच्या उपचारात करत नाहीत. मावशींचं जे काही आहे ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, धाग्यावरून ठरवू नका.

आणि देशी म्हणून शंका घेऊ नका. रिटुक्सिमॅबला अमेरिकेत १९९७ ला मान्यता मिळाली, आणि २००७ मध्ये डॉ. रेड्डीजने भारतात त्याची पहिली बायोसिमिलर आवृत्ती आणली, तेव्हा जगात दुसरीकडे कुठे ती नव्हती.

मकरपुरा_शिफ्ट

धन्यवाद दादा. मावशी ठणठणीत आहे, गेल्या नवरात्रात गरबा बघायला रात्री दोनपर्यंत बसली होती. नुसतं कुतूहल.

स्फटिक

गोगलगाय, तुम्ही तिसऱ्या व्हायलबद्दल काहीच बोलला नाहीत. ई. कोलायच्या मालाला उगाच नाक मुरडायची पद्धत पडली आहे. २००० साली एफसी आणि सीडी१६ च्या जोडगोळीची स्फटिकरचना 'नेचर'मध्ये आली, तो रिसेप्टर ई. कोलायमध्येच बनवला होता. पेशीत गाळासारखा साचलेला, तो विरघळवून पुन्हा घडी घातलेला. त्यावर एकही शर्करा नव्हती आणि तरी तो एफसीला बसला. एका एफसीला एकच रिसेप्टर बसतो आणि तो दांड्याच्या दोन्ही साखळ्यांच्या मधोमध शिरतो, हे तिथूनच स्पष्ट दिसलं. संशोधक विद्यार्थिनीचे पैसे वाचत असतील तर तो पर्याय बाद का करायचा?

गोगलगाय

स्फटिक, रचनेसाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. शर्करा वळवळत राहते, स्फटिक नीट होत नाहीत, म्हणून तुम्ही लोक ती काढूनच टाकता. पण ताईंचा प्रश्नच शर्करेचा आहे.

जरा सविस्तर लिहितो, कारण या धाग्यातला सगळा मसाला इथेच आहे.

अँटीबॉडीच्या दांड्यावर २९७ व्या जागी, दोन्ही साखळ्यांवर, एकेक शर्करेची फांदी असते. फांदीच्या बुडाशी बहुतेक वेळा फ्यूकोज नावाची एक छोटी शर्करा लटकलेली असते. आपल्या रक्तातल्या बहुतांश आयजीजीवर ती असते, सीएचओमध्ये बनवलेल्या औषधांवरही असते. २००२-०३ च्या सुमारास अमेरिकेत आणि जपानमध्ये वेगवेगळ्या गटांना दिसलं की हे फ्यूकोज काढलं की सीडी१६ए चा बंध कित्येक पटींनी वाढतो. पन्नास पटींपर्यंतचे आकडे छापून आलेत. एडीसीसीही तशीच वाढते. प्रथिनातलं एकही अमिनो आम्ल न बदलता!

का, ते पुढे कळलं. सीडी१६ए वर स्वतःच्या पाच शर्करा असू शकतात, ३८, ४५, ७४, १६२ आणि १६९ या जागांवर. त्यातली १६२ वरची फांदी दांड्याच्या शर्करेकडे झुकलेली असते. फ्यूकोज नसेल तर या दोन फांद्या एकमेकींना अगदी लगटून बसतात. फ्यूकोज असेल तर ते नेमकं मध्ये येतं. २०११ मध्ये शर्करेसकटची स्फटिकरचना आली, तिच्यात हे उघड दिसतं. (स्फटिक, तुमच्याच बिरादरीने एचईकेचा माल वापरून केलेलं काम आहे ते.)

आता मुद्दा. रिसेप्टरची १६२ वरची शर्कराच काढून टाकली तर फ्यूकोज असलेली आणि नसलेली अँटीबॉडी यातला फरक जवळजवळ मिटतो. ई. कोलायला शर्करा लावताच येत नाही. म्हणजे तिसऱ्या व्हायलवर ताईंनी नमुने मोजले, तर सगळे नमुने सारखेच दिसतील आणि निष्कर्ष निघेल की कल्चरचं खाद्य बदलून काही झालं नाही. प्रयोग नीट पार पडेल, ग्राफ सुरेख येईल, आणि उत्तर मात्र साफ खोटं असेल.

स्फटिक

हे पटलं. १६२ चा प्रयोग माझ्या ध्यानात नव्हता. तिसरी बाद.

निवांत

वा, पहिल्यांदाच एखाद्या धाग्यावर कुणी "पटलं" म्हणताना पाहिलं. फोटो काढून ठेवतो.

बाय द वे, ते एचईके२९३ मधले २९३ कसले?

स्फटिक

प्रयोगाचा क्रमांक. १९७३ मध्ये नेदरलँड्सच्या लायडनमध्ये फ्रँक ग्रॅहम मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत अ‍ॅडिनोव्हायरसचा डीएनए घालत होते. जो प्रयोग जमला तो त्यांच्या वहीतला २९३ वा.

दांडियाबाजारवाला

मुलांनो, मी औषध कंपनीच्या क्यूसीमधून, म्हणजे गुणवत्ता तपासणीतून, निवृत्त झालो त्याला बराच काळ लोटला, तेव्हा हे रिसेप्टर-बिसेप्टर काही नव्हतं. पण एक विचारतो. पन्नास मायक्रोग्रॅमला एवढे पैसे मोजण्यापेक्षा घरीच का बनवत नाही? बडोद्याला हे नवीन नाही. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हाताने बनवायला शिकवण्यासाठी. त्याचे पहिले प्राचार्य गज्जर, रसायनशास्त्राचा माणूस. मग १९०७ मध्ये गज्जर, आपले कोटिभास्कर आणि अमीन यांनी अलेंबिक उभी केली, टिंक्चर आणि अल्कोहोलपासून सुरुवात. विलायतेहून मागवायचं नाही, इथेच करायचं, हा तो विचार. (दादासाहेब फाळकेही कलाभवनातच शिकले, पण ते बोलत बसलो तर संपादक कात्री लावतील.)

विश्वामित्रीकाठ

काका, कात्री लावली तर मी भांडेन त्यांच्याशी. घरी बनवायचं माझ्याही मनात आलं होतं. जनुक मागवायचं, प्लाझ्मिडमध्ये घालायचं, एचईके पेशींत पीईआय हे रसायन वापरून सोडायचं, चार-पाच दिवसांनी वरचं पाणी काढून निकेलच्या कॉलमवरून पास करायचं. आमच्या शेजारच्या लॅबला जमतं ते.

गोगलगाय

काकांना सलाम, आणि कल्पना चांगली आहे. पण मार्चच्या आत नको. प्रथिन मिळणं हा निम्मा भाग. ते शुद्ध आहे का, गुठळ्या झाल्यात का, शर्करा लागली का, बंध बरोबर येतो का, हे तपासायला तुलनेसाठी एक विकत आणलेली व्हायल लागतेच. आधी एक विकत घ्या, प्रयोग बसवा. मग मिलिग्रॅममध्ये लागायला लागलं की स्वतःचं बनवा आणि या विकतच्यावर तोलून बघा. जनुक मागवताना अ‍ॅव्ही टॅगही घालून घ्या, जास्त खर्च नाही.

विश्वामित्रीकाठ

म्हणजे पहिली किंवा चौथी. चौथीला एवढे जास्त पैसे द्यायचे का? बायोटिनचं किट आमच्याकडे पडून आहे, मी घरीच लावू शकते.

गोगलगाय

किटमधलं बायोटिन लायसिन हे अमिनो आम्ल दिसेल तिथे चिकटतं. नेमका दांडा बसायच्या जागेवरच चिकटलं तर रिसेप्टर आंधळा. कोणत्या रेणूवर किती आणि कुठे लागलं याचा पत्ता नाही, आणि पुढच्या वेळी तसंच लागेल याची हमी नाही. अ‍ॅव्ही टॅग म्हणजे पंधरा अमिनो आम्लांची छोटी शेपटी. बिर-ए हे एन्झाइम तिच्यातल्या एकाच लायसिनवर एकच बायोटिन लावतं. बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिनच्या प्लेटवर घातलं की सगळे रिसेप्टर शेपटीने बसतात आणि तोंड वर राहतं. हिस टॅगवाला साध्या प्लेटवर थेट लेपला तर तो आडवातिडवा बसतो, काही रेणूंची घडीही मोडते. तुमच्या जागी मी चौथीच घेईन. किटवर व्हायल घालवायची ही वेळ नाही.

आता एलायझा, मघाशी म्हटलं तसं इथे नडतं. बंध कमी ताकदीचा, पटकन बसतो आणि पटकन सुटतो. तुम्ही सवयीने पाच वेळा प्लेट धुवाल आणि अँटीबॉडी सिंकमध्ये जाईल. त्यावर एक जुनी युक्ती आहे: अँटीबॉडी एकटी घालायची नाही. मानवी कॅप्पा साखळी (अँटीबॉडीच्या हातातली एक साखळी) ओळखणारा शेळीचा एफ-एबी-टू तुकडा, म्हणजे दांडा कापलेली अँटीबॉडी, एचआरपी हे रंग आणणारं एन्झाइम लावलेला, आधीच तिच्यात मिसळायचा आणि अर्धा-एक तास ठेवायचा. दोन-दोन अँटीबॉडींच्या जोड्या होतात, जोडी दोन रिसेप्टरांना धरते, मग धुण्यात टिकते. तुमची अँटीबॉडी कॅप्पाच आहे ना? आणि एफ-एबी-टूच घ्या. अख्खी दुय्यम अँटीबॉडी घेतलीत तर तिला स्वतःचा दांडा असतोच, तोही रिसेप्टरला चिकटायला बघेल.

ब्लॉकिंगला दुधाची पावडर अजिबात नको. लोक सवयीने घालतात. दुधात बायोटिन असतं, ते स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जागा खाऊन टाकतं. आणि गाईचं आयजीजीही असतं. सीरमही नको, त्याच कारणासाठी. बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या, चांगल्या प्रतीचं, आयजीजी काढलेलं.

नमुने प्लेटवर घालण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवून वरचं घ्या. गुठळी झालेली अँटीबॉडी एकदम पाच-दहा दांड्यांनी रिसेप्टर धरते. एखाद्या नमुन्यात तीनचार टक्के गुठळ्या असल्या तरी तो नमुना सगळ्यात भारी दिसतो, आणि माणूस शर्करेला श्रेय देऊन मोकळा होतो.

कंट्रोल म्हणून तुमचीच अँटीबॉडी पीएनजीएज एफ हे एन्झाइम घालून शर्करा काढलेली ठेवा. तिचा बंध पडायलाच हवा. नाही पडला तर प्लेटमध्ये दुसरंच काहीतरी मोजलं जातंय.

विश्वामित्रीकाठ

कॅप्पाच आहे. दादा, हे सगळं कुठेच एका जागी लिहिलेलं नसतं हो.

पाणकोंबडी

मी एडीसीसीवर काम करते, पुण्यात. एक गोष्ट राहिली. या व्हायलवर तुम्ही बंध मोजाल, मारण्याची क्षमता नाही. खऱ्या पेशीत सीडी१६ए ला गॅमा साखळी लागते, तिच्यातून संदेश आत जातो. शिवाय रिसेप्टर दाटीने असतात, समोरच्या पेशीवर अँटिजेन किती आहे त्यावरही अवलंबून असतं. एचईकेवर येणारी शर्करा आणि माणसाच्या एनके पेशींवरची शर्करा यासुद्धा हुबेहूब एक नसतात. प्रबंधात "एडीसीसी वाढली" असं लिहायचं असेल तर निदान रिपोर्टर पेशींचा प्रयोग करा: जुर्काट पेशी, त्यांच्यावर सीडी१६ए, आत एनएफएटीवर (संदेश पोचला की जागं होणारं प्रथिन) चालणारं ल्युसिफरेज, म्हणजे उजेड देणारं एन्झाइम. नाहीतर व्हायव्हा घेणारे तिथेच पकडतील.

विश्वामित्रीकाठ

"सीडी१६ए बंध" एवढंच लिहीन. रिपोर्टर पेशी पुढच्या वर्षी, ग्रँट आली तर.

दांडियाबाजारवाला

पेशींचा विषय निघाला म्हणून. एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं ताप आणणारं विष, किती आहे ते सर्टिफिकेटवर बघा. आमच्या वेळी सशाच्या कानातल्या शिरेत औषध टोचून ताप चढतो का ते बघायचे. सकाळी सकाळी ओळीने बसवलेले ससे, प्रत्येकाला मागून थर्मामीटर लावलेला, आणि कुणी दार आपटलं की घाबरून त्यांचंच तापमान चढायचं! मग लिम्युलस आला, नालेच्या आकाराच्या खेकड्याच्या निळ्या रक्तापासूनचा, आणि सशांची सुटका झाली. आता म्हणे ते रक्तातलं प्रथिनही रिकाँबिनंट मिळतं.

गोगलगाय

काका बरोबर आहेत. एलायझापुरतं एंडोटॉक्सिन आडवं येणार नाही. पण उद्या ही व्हायल रक्तातल्या पेशींवर घातली आणि सोबत मोनोसाइट या पांढऱ्या पेशी असल्या, तर त्या एंडोटॉक्सिननेच पेटतील आणि तुम्हाला वाटेल रिसेप्टरने काहीतरी केलं.

विश्वामित्रीकाठ

अपडेट. सरांना धागा दाखवला. (सर, वाचत असाल तर नमस्कार!) त्यांनी दोन मिनिटं कोटेशनकडे बघितलं, "एफसीला एफसी कसं लावतात हे लोक" म्हणाले आणि चौथीवर सही केली. आता पर्चेसच्या टेबलावर आहे.

कुरिअरबद्दल काही सांगाल का? भुकटी आहे, द्रावण नाही.

मकरपुरा_शिफ्ट

हे मी सांगतो, माल पाठवणं हेच माझं काम. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आठवड्यात बिलकुल मागवू नका. १४ आणि १५ दोन्ही दिवस बडोद्यात डिलिव्हरीवाला गच्चीवर असतो. सोमवारी निघेल असं सांगा, म्हणजे शनिवार-रविवार गोडाऊनमध्ये पडून राहणार नाही. पाकिटावर लॅबचा नंबर टाकायला लावा, गेटवरच्या वॉचमनचा नको.

गोगलगाय

+१. फ्रीज-ड्राय भुकटी प्रवासात टिकते, तरी आल्या आल्या -२० ला टाका. उघडण्याआधी मिनिटभर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. भुकटी डोळ्याला दिसतच नाही, बऱ्याचदा झाकणाला चिकटलेली असते, आणि झाकण उघडलं की तुमचे पाच आकडे हवेत. पाणी की पीबीएस ते सोबतच्या कागदावर असेल, तेच घाला. व्होर्टेक्स नको, फेस आला की प्रथिन मेलं. पाच मिनिटं तसंच ठेवा, हलकेच फिरवा. मग लहान लहान वाटे करून -८० ला. एक वाटा एकदाच वितळवायचा.

विश्वामित्रीकाठ

व्हायल आली! उत्तरायण टाळून, सुखरूप. आज एक वाटा जेलवर चालवला आणि घाबरले. कागदावर लिहिलंय अंदाजे वजन २५ किलोडाल्टनच्या आसपास. माझ्या जेलवर २५ ला काहीच नाही. ४० ते ५० च्या मध्ये एक रुंद, धुरकट पट्टा आहे, कडा नसलेला. खराब माल दिलाय का? शेजारच्या लॅबमधली मैत्रीण म्हणतेय लगेच तक्रार कर.

गोगलगाय

तक्रार करू नका, पेढे वाटा. २५ हा आकडा नुसत्या अमिनो आम्लांच्या बेरजेचा. त्यावर शर्करेच्या फांद्या चढल्या की रेणू जड होतो, आणि शर्करेवर एसडीएस (प्रथिनाला जेलमधून पुढे ओढायला लावतात तो साबण) नीट बसत नाही म्हणून तो जेलमध्ये आणखी हळू सरकतो. प्रत्येक रेणूवरच्या फांद्या थोड्या वेगळ्या, म्हणून पट्टा पसरट. २५ ला कडक, बारीक रेघ आली असती तर मी म्हटलं असतं की तुम्हाला ई. कोलायचा माल पाठवलाय.

खात्री हवी तर वाट्यातला थोडासा भाग उकळून पीएनजीएज एफ घाला, ३७ ला ठेवा आणि परत चालवा. पट्टा खाली उतरून आवळायला हवा.

विश्वामित्रीकाठ

केलं. धुरकट पट्टा गेला, २५ च्या जवळ स्वच्छ रेघ आली. पण ३६ ला अजून एक रेघ आहे, एन्झाइम न घातलेल्या लेनमध्ये ती नाही.

स्फटिक

ती पीएनजीएज एफची स्वतःची. त्याचं वजन तेवढंच असतं. नुसतं एन्झाइम घातलेली एक लेन शेजारी चालवा आणि तोच फोटो प्रबंधात लावा, म्हणजे कुणी विचारणार नाही.

विश्वामित्रीकाठ

उद्या चालवते. एलायझाची प्लेट सोमवारी लावणार, बीएसए आलंय. काका, तुम्ही दांडिया बाजारात नक्की कुठे? पेढे द्यायचे राहिलेत.

दांडियाबाजारवाला

पत्ता असा चव्हाट्यावर लिहीत नसतात मुली. व्यक्तिगत निरोप बघ. आणि पेढे नकोत, डॉक्टरांनी साखर बंद केली आहे. सेव-उसळ चालेल.